कुठल्या दरवाज्यावर अडलात?

मागच्या जुलैतली गोष्ट. रात्रीचे पावणेबारा. मंचरपासून आत असलेल्या आमच्या गावात संध्याकाळीच लाइट गेली होती. बाहेर पाऊस, घरात एक चार्जिंगचा बल्ब, माझ्या लॅपटॉपची बॅटरी 41 टक्क्यांवर आणि स्क्रीनवर सहाव्यांदा आलेली तीच ओळ : ‘परमिशन डिनाइड’.

नोकरी सांभाळून मी एक छोटं काम करतो. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात एका आडतदाराच्या गाळ्यावर शेतकऱ्यांच्या पट्ट्या काढणारं सॉफ्टवेअर मी लिहिलंय. कुणाचे किती क्रेट आले, काय भाव लागला, हमाली-तोलाई किती कापली, हातात किती पडणार, हे सगळं त्यात. त्या रात्री साडेदहाला गाळ्यावरून फोन आला, पट्टी निघत नाही. अंदाज लगेच आला. सर्व्हरची डिस्क भरली असणार, जुन्या लॉग फाइल्स उडवल्या की झालं. दोन मिनिटांचं काम. फक्त आत शिरायला हवं होतं.

आणि तेच होत नव्हतं.

सकाळी बाजार भरायच्या आत हे चालू झालं नसतं, तर आदल्या दिवशी माल घातलेल्या शे-दीडशे शेतकऱ्यांचे पैसे अडकले असते. त्यात आमच्या आप्पांचे 62 क्रेट होते. आप्पा शेजारी खाटेवर बसून होते.

“काय झालं रं?”

“सर्व्हर आत घेईना, आप्पा.”

“तुझाच हाय ना त्यो?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. सर्व्हर माझा, चावी माझी, दरवाजा मीच बसवलेला. मग मला कोण अडवत होतं?

त्या रात्रीनंतर मी या दरवाज्याचा इतिहास वाचायला लागलो. इंजिनिअरिंगला आम्हाला कमांड शिकवल्या, त्या कमांडला इतिहास असतो हे कुणी सांगितलं नाही. वाचल्यावर एक गोष्ट पटली. लॉगिन करताना येणारा प्रत्येक एरर हा जुन्या कुठल्यातरी फजितीचा वारसदार आहे. कधीतरी कुठेतरी काहीतरी बिघडलं, म्हणून तिथे एक दरवाजा बसला. हे दरवाजे कुठल्या क्रमानं लागतात ते कळलं, की आपण कुठे अडलोय तेही कळतं.

सुरुवातच एका फसलेल्या लॉगिनपासून होते. 29 ऑक्टोबर 1969. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ली क्लाइन नावाचा विद्यार्थी बसलाय. शेकडो किलोमीटर उत्तरेला स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बिल डुव्हॉल. मधे अर्पानेट, म्हणजे आजच्या इंटरनेटचा पूर्वज. क्लाइनला पलीकडच्या कॉम्प्युटरवर लॉगिन करायचं होतं. दोघं त्याच वेळी टेलिफोनवरही बोलत होते. क्लाइननं ‘एल’ टाइप केला, डुव्हॉलनं फोनवर सांगितलं, आला. ‘ओ’ टाइप केला, आला. ‘जी’ टाइप केला आणि पलीकडची सिस्टिम कोसळली.

कारण गमतीशीर आहे. पलीकडचा कॉम्प्युटर हुशार होता. ‘एल-ओ-जी’ दिसल्यावर पुढचा शब्द त्यानं स्वतःच पूर्ण केला आणि एकदम अनेक अक्षरं परत पाठवायला गेला. पण त्या अक्षरांसाठी राखलेली जागा एकेक अक्षर येणाऱ्या संथ टर्मिनलच्या हिशोबानं ठेवलेली होती. ती भरून वाहिली. डुव्हॉलनं दुरुस्ती केली आणि साधारण तासाभरानं लॉगिन झालं. प्रयोगशाळेच्या वहीत त्या रात्री साडेदहाची नोंद आहे.

म्हणजे अर्पानेटवरून गेलेला पहिला संदेश हा अर्धवट राहिलेला लॉगिन होता. आणि तो दुरुस्त कसा झाला? दोन माणसं दुसऱ्या वाटेनं, म्हणजे फोनवरून, एकमेकांना विचारत होती : इथपर्यंत आलं का? आता इथपर्यंत? बिघाड शोधण्याची याहून चांगली पद्धत अजूनही निघालेली नाही. त्या रात्री मी ती वापरत नव्हतो. मी नुसता पुन्हा पुन्हा दार ठोठावत होतो.

‘तू कोण?’ हा प्रश्न मात्र अर्पानेटच्याही आधीचा. 1961 साली एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी सीटीएसएस ही सिस्टिम दाखवली. एकच महागडा कॉम्प्युटर अनेकांनी आळीपाळीनं वापरायचा. प्रत्येकाच्या फाइल्स वेगळ्या राहाव्यात, प्रत्येकाला ठरलेलाच वेळ मिळावा, म्हणून पासवर्ड आला. वर्षभरात तो फुटलाही. 1962 मध्ये अ‍ॅलन शेर या पीएचडीच्या विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. त्यानं पासवर्डची फाइल छापून द्यायची विनंती पंचकार्डवरून टाकली आणि सगळ्यांचे पासवर्ड कागदावर मिळवले. 1966 मध्ये तर त्याच सिस्टिमवर दोन तात्पुरत्या फाइल्सची अदलाबदल झाली. लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांच्या पासवर्डची यादी दिसायला लागली.

या फजितीतून शहाणपण आलं, की पासवर्ड आहे तसा साठवायचाच नाही. त्याच्यावर गणिती प्रक्रिया करायची आणि उलट फिरवता न येणारं उत्तर तेवढं ठेवायचं. 1979 मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्समधल्या पासवर्डच्या सुरक्षेवर शोधनिबंध लिहिला. त्यात प्रत्येक पासवर्डमध्ये थोडी वेगळी भर घालायची युक्ती आहे. तिला नाव दिलं ‘सॉल्ट’, आपलं मीठच. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी मीठ वेगळं, म्हणून साठवलेलं उत्तरही वेगळं. तुम्ही ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर चांगली वेबसाइट जुना पासवर्ड सांगत नाही, नवा करायला लावते, ती याच कारणानं. तिलाही तो माहीत नसतो.

पुढची फजिती वाटेतली. लांबच्या कॉम्प्युटरवर जायला टेलनेट वापरायचे. त्यात तुम्ही जे टाइप कराल ते तारेवरून उघडंच जायचं, पासवर्डसुद्धा. वाटेत कुणी कान लावून बसला तर त्याला सगळं फुकट. 1995 च्या सुरुवातीला हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात असाच चोर कान सापडला, हजारो लोकांचे पासवर्ड टिपणारा. तिथल्या टाटू युलोनेन या संशोधकानं काही महिन्यांत एसएसएच लिहिलं आणि जुलैत सगळ्यांना मोफत दिलं. एफटीपीचा पोर्ट 21, टेलनेटचा 23, मधला 22 मोकळा होता. त्यानं तो मागितला आणि दुसऱ्या दिवशी मिळाला. मी त्या रात्री ज्या दरवाज्यावर उभा होतो, तो हाच 22 नंबर.

एसएसएचनं अजून एक प्रश्न आणला. आधी फक्त सर्व्हर विचारायचा, ‘तू कोण?’ आता आपणही विचारतो, ‘आणि तू कोण?’ पहिल्यांदा जोडताना सर्व्हर आपल्या ओळखीचा ठसा दाखवतो. आपण बहुतेक जण न वाचताच ‘यस’ करतो. पुढे कधी तो ठसा बदलला, की मोठ्या अक्षरांत इशारा येतो आणि ‘होस्ट की व्हेरिफिकेशन फेल्ड’ म्हणून काम थांबतं. सर्व्हर नव्यानं बसवला असेल तर यात काळजीचं काही नाही. पण बसवला नसेल, तर मधे भलताच कुणीतरी सर्व्हर बनून उभा असू शकतो. हा इशारा आला की जुनी ओळ पुसून पुढे जायच्या आधी दुसऱ्या वाटेनं एक फोन करावा. क्लाइन आणि डुव्हॉलसारखा.

एसएसएच आलं त्याच महिन्यानंतर, 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगमनं भारतात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं. त्या कंपनीचा आमच्या भागाशी जुना संबंध. तिची पूर्वज म्हणजे सरकारची ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस. तिनं सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या आर्वीत, उपग्रहाशी बोलणारं केंद्र उभारलं. विक्रम साराभाईंचं नाव दिलेलं हे देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र. आपला आवाज आर्वीच्या भल्यामोठ्या अँटेनातून 36 हजार किलोमीटर वर जायचा आणि दुसऱ्या देशात उतरायचा. आमच्याकडची जुनी माणसं त्या भागाला अजून ‘सॅटेलाइट’ म्हणतात. लांबच्या ठिकाणाशी जोडणं, वाट मोकळी असणं, पलीकडे कुणी ऐकतंय याची खात्री करणं, हे सगळं आमच्या शिवारात माझ्या जन्माच्या कितीतरी आधी चालू होतं.

आता परत त्या रात्रीकडे.

पहिल्या ‘परमिशन डिनाइड’नंतर मला वाटलं, चावीची फाइल बिघडली. एसएसएचमध्ये पासवर्डऐवजी चावीच्या दोन फाइल्स असतात. गुप्त फाइल आपल्याकडे, तिची जोडीदार सर्व्हरवर. मी जुन्या बॅकअपमधून चावी काढली. तोच एरर. मग फाइलच्या परवानग्या तपासल्या, कारण गुप्त चावी इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरतच नाही. त्या ठीक होत्या. मग अजून दोनदा प्रयत्न. आणि अचानक एरर बदलला. आता येत होतं, ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’.

मी घाबरलो. वाटलं, सर्व्हरच पडला. सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीला फोन लावला. रात्री साडेबाराला तिथल्या मुलानं शांतपणे सांगितलं, “सर, मशीन चालू आहे.” मी त्याच्यावर उगाच आवाज चढवला. त्याचं वाईट अजून वाटतं, कारण तो खरं बोलत होता.

फोन ठेवला आणि का कोण जाणे, शिवनेरी आठवला. शाळेची सहल दर वर्षी तिथेच. सात दरवाज्यांची वाट. दरवाज्यांची नावं सांगणाऱ्यागणिक थोडी बदलतात, पण ‘परवानगीचा दरवाजा’ आणि ‘कुलूप दरवाजा’ ही दोन नावं माझ्या डोक्यात कायमची बसलीत. आमचे गुरुजी विचारायचे, शत्रू चौथ्या दरवाज्यावर अडलाय याचा अर्थ काय? आम्ही म्हणायचो, हरला. गुरुजी म्हणायचे, अरे, तीन दरवाजे पार केलेत त्यानं.

‘परमिशन डिनाइड’चा अर्थ हाच असतो. सर्व्हर सापडला, वाट मोकळी आहे, पोर्ट उघडा आहे, त्याची ओळख पटली, फक्त माझी पटली नाही. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे पायथ्यापर्यंतसुद्धा पोचलो नाही, किंवा फायरवॉल हाक गिळून टाकतेय. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे पोचलो, पण दारावर ऐकणारा कुणी नाही किंवा कुणीतरी मुद्दाम हाकलतोय. मी चौथ्या दरवाज्यावरून पहिल्यावर आलो होतो. सर्व्हर पडला नव्हता, तर मला मागे कुणी ढकललं?

उत्तर मीच बसवलेलं होतं. फेलटूबॅन नावाचा पहारेकरी. ठरावीक वेळात पाचदा चुकलं, की त्या पत्त्यावरून येणाऱ्याला तो काही काळ दारातूनच हाकलतो. चोरासाठी ठेवलेला पहारेकरी मालकाला ओळखत नव्हता, आणि त्याचं बरोबरच होतं.

खात्री करायला मी आप्पांच्या फोनचं हॉटस्पॉट लावलं. वेगळी कंपनी, वेगळा पत्ता. एरर परत ‘परमिशन डिनाइड’वर आला. आयुष्यात पहिल्यांदा तो वाचून मला आनंद झाला. या खेपेला मी ओळ पूर्ण वाचली. शेवटी कंसात ‘कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह’ असं होतं. चावी नाकारली असती तर तिथे ‘पब्लिक-की’ दिसलं असतं. म्हणजे चावी पहिल्यापासून चालत होती. अडत होता तो त्यानंतरचा सहा आकडी कोड. तासभर मी चालणारी वस्तू दुरुस्त करत होतो आणि उत्तर त्याच ओळीच्या शेवटी लिहिलेलं होतं.

हा कोड कसा बनतो, ते फोन वापरणाऱ्या प्रत्येकानं समजून घेण्यासारखं आहे. बँकेचा ओटीपी मेसेजनं येतो. पण अ‍ॅपमध्ये दर 30 सेकंदांनी बदलणारा कोड कुठूनही येत नाही, तिथल्या तिथे बनतो. 1 जानेवारी 1970 पासून किती सेकंद झाले, त्याला 30 नं भागायचं, आणि तो आकडा सुरुवातीलाच ठरवलेल्या गुप्त शब्दाबरोबर घुसळायचा. सर्व्हरही तेच करतो. दोघांची उत्तरं जुळली की दार उघडतं. 2011 मध्ये याचा मानक प्रसिद्ध झाला. सगळी मदार एका गृहीतावर : दोघांची घड्याळं जुळलेली हवीत.

“आप्पा, किती वाजले?”

“एक वाजून नऊ.”

माझ्या लॅपटॉपवर एक वाजून पाच.

गेल्या आठवड्यात महिनाअखेरचा हिशोब तपासायला मी लॅपटॉपची आपोआप लागणारी वेळ बंद केली होती, तारीख पुढे नेली होती, आणि काम झाल्यावर अंदाजानं मागे आणली होती. सोयीसाठी कोडचं अ‍ॅपही याच लॅपटॉपवर ठेवलं होतं. माझा प्रत्येक कोड अचूक होता. फक्त तो चार मिनिटांपूर्वीचा होता.

आमच्या घरापासून फार लांब नाही, नारायणगावच्या पूर्वेला, खोडदला जीएमआरटी आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रेडिओ दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना, त्यातल्या 14 मध्यभागी एक किलोमीटरच्या परिसरात, उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात शेतशिवारात पसरलेल्या, टोकापासून टोकापर्यंत साधारण 25 किलोमीटर. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आम्ही शाळेतून तिथे जायचो. आत मोबाइल बंद ठेवायचा, कारण आकाशातून येणारी कुजबुज इतकी क्षीण असते की खिशातला फोन तिच्यापुढे भोंगा ठरतो.

या 30 अँटेना मिळून एक दुर्बीण होते ती कशी? प्रत्येकीला संदर्भासाठी एकच ठेका मिळतो. तो केंद्रातून ऑप्टिकल फायबरनं सगळ्यांकडे जातो. प्रकाशालाही एवढं अंतर जायला थोडा वेळ लागतो. हा फरक हिशोबात धरून सगळे सिग्नल जुळवावे लागतात, नाहीतर 30 अँटेना म्हणजे 30 वेगवेगळी माणसं एकदम बोलल्यासारखं होईल. माझे चार मिनिटं चुकले होते.

याच जीएमआरटीनं 19 ऑक्टोबर 2016 ला एक तुटलेलं कनेक्शन ऐकलं. युरोपचं शियापारेल्ली हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा बारीक सूर जवळपास पावणेदहा मिनिटांचा प्रवास करून खोडदला पोचत होता. यान मंगळाच्या वातावरणात शिरलं, सूर चालू होता. उतरायच्या थोडं आधी तो थांबला. परत आला नाही.

शास्त्रज्ञांकडे ‘पुन्हा प्रयत्न करा’ हा पर्याय नव्हता. होता तो फक्त रेकॉर्ड, मंगळाभोवतीच्या दुसऱ्या यानानं टिपलेला तपशील आणि इथे ऐकलेला सूर. त्यातून चौकशीत कारण निघालं. पॅराशूट उघडताना बसलेल्या हेलकाव्यांनी एक मोजमाप यंत्र त्याच्या कमाल मर्यादेवर अडकलं. त्यावरून यानाच्या कॉम्प्युटरनं उंची काढली, ती आली शून्याच्या खाली. म्हणजे आपण जमिनीत आहोत, असं त्याला वाटलं. त्यानं पॅराशूट सोडलं. प्रत्यक्षात जमीन अजून 3.7 किलोमीटर खाली होती.

हे वाचताना मला माझा लॅपटॉप दिसतो. दोन्ही मशीन प्रामाणिक होती. दोघांनी एका चुकीच्या आकड्यावर बिनचूक गणित केलं. फरक एवढाच, की मला दुसरी संधी होती, आणि ती मी न वाचता सहा वेळा खर्च केली.

वेळ आपोआप लावायचा पर्याय चालू केला. नवा कोड टाकला. आत शिरलो तेव्हा बॅटरी 17 टक्के. डिस्क खरंच भरली होती. जुन्या फाइल्स उडवल्या, सॉफ्टवेअर परत चालू केलं, एक चाचणीची पट्टी काढून बघितली. सर्व्हरच्या लॉगमध्ये माझे सगळे फसलेले प्रयत्न वेळेसकट ओळीनं लिहिलेले होते. तिथे मी इतर चोरांसारखाच दिसत होतो.

सकाळी गाळ्यावर पट्ट्या निघाल्या. आप्पांच्या 62 क्रेटची पण. मी सर्व्हरच्या कंपनीला फोन करून रात्रीच्या मुलासाठी ‘सॉरी’ असा निरोप ठेवला.

आता मी एक साधी वही ठेवतो. लॉगिन अडलं की दुसरा प्रयत्न करायच्या आधी तीन गोष्टी लिहायच्या : एररची ओळ, शेवटच्या कंसासकट पूर्ण. कुठले दरवाजे पार झाले. आणि शेवटचं मी काय बदललं होतं. तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा उत्तर सापडतं. वहीच्या पहिल्या पानावर त्या रात्रीची वेळ आहे. आधी मी 1:05 लिहिलं होतं, ते खोडून 1:09 केलंय.